बहीण म्हणून केलेली सही

आधी तिचं सांगते, मग माझं. माझ्या छातीचं ऑपरेशन झालं त्याला आता आठ महिने होतील. त्यात मुंबईहून येणारे मोठे डॉक्टर होते, रक्त द्यायला आलेले आमच्या कारखान्यातले दोन कारागीर होते, सिस्टर होत्या. सगळ्यांचेच उपकार आहेत. पण पहिलं नाव घ्यायचं तर माझ्या शेजारणीचं, आणि नेमकं तेच तिनं घेऊ दिलं नाही. मी हे लिहितेय म्हटल्यावर म्हणाली, "लिही, पण माझं नाव टाकू नको. कॅन्टीनमध्ये उगाच चर्चा." म्हणून नाव नाही. अंबरनाथला बुवापाड्यात तिच्या आणि माझ्या खोलीची मधली भिंत एकच आहे. ती एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. आता मी तिला ताई म्हणते. आधी नुसतं "अहो" म्हणायचे.

मी मूळची हिंगोलीकडची. सहावीत शाळा सुटली. लग्न होऊन इकडे आले, नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा भाऊ न्यायला आला होता. म्हणाला, चल गावाकडं, एका कोपऱ्यात तू राहशील, आमच्यातले दोन घास तुलाही. तो मनानं वाईट नाही. पण तो कोपरा काही माझ्या डोक्यातून गेला नाही. मी इथंच राहिले. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंगला बसते. शिवून आलेल्या पँटीला जागोजागी धाग्यांची टोकं लोंबत असतात, ती छोट्या कटरनं मुळापासून कापायची. एक टोक राहिलं तरी चेकिंगवाला पीस परत फेकतो. कटर गळ्यात दोरीला अडकवलेलं असतं. बारा वर्षं हेच करतेय. बसमध्ये पुढच्या बाईच्या ब्लाउजला धागा लोंबताना दिसला तरी माझा हात शिवशिवतो.

ताप मी अंगावर काढला. दिवाळीचा माल चालू होता. गोळी घ्यायची आणि बसायचं. उजव्या कुशीत कळ यायची, तर वाटायचं, वाकून बसल्यानं असेल. मग श्वास अर्ध्यातच अडायला लागला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया होऊन छातीत पाणी झालंय. सुईनं काढलं, पुन्हा भरलं, पुढं ते घट्ट होऊन त्याचा पू झाला. शेवटी बदलापूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं दर बुधवारी मुंबईहून छातीचे सर्जन येतात. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि सांगितलं की फुप्फुसावर जाड साल बसली आहे, त्यामुळं ते फुगत नाही. बरगड्यांमधून आत जाऊन ती साल सोलून काढावी लागेल. मी मान हलवली. मोसंबं सोललेलं डोळ्यांपुढं आलं.

त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरनं माझी बोटं दाबून पाहिली. विचारलं, "नखं निळी कधीपासून आहेत?"

"बारा वर्षं झाली, साहेब."

तो दचकलाच. मग मी सांगितलं की जीन्सचा रंग आहे, धुऊन जात नाही. सिस्टरला हसू आलं. मोठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन स्वतः माझं एक नख घासून पाहिलं आणि ऑपरेशनपर्यंत मालाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. श्वास कमी पडायला लागला की आधी नखांवर दिसतं, म्हणाले. कारखान्यात जाऊन मी हे सेठना सांगितलं. आमचे सेठ सिंधी, सगळे त्यांना साईं म्हणतात. ते म्हणाले, "जा तू. स्टूल तेरा है, कोई नहीं बैठेगा." त्या एका वाक्यावर मी पंधरा दिवस काढले.

खर्चाचं सरकारी योजनेत बसलं. अडलं ते दुसरीकडंच. दवाखान्यात ज्या खिडकीवर जावं तिथं एकच विचारणा: सोबत कोण आहे? कागदावर नातेवाईकाची सही पाहिजे. ऑपरेशन चालू असताना बाहेर कुणीतरी बसलेलं पाहिजे. नंतर रोज येणारं कुणीतरी पाहिजे. मी म्हणाले, गावाहून येतायत. ते खोटं होतं. गावाला मी काहीच कळवलं नव्हतं. भावाला फोन केला असता तर तो दुसऱ्या दिवशी आला असता, त्याची मला खात्री होती. आणि बरी झाल्यावर तो मला इथं ठेवून गेला नसता, त्याचीही होती. खोली सोडायला लावली असती, स्टूल गेलं असतं, आणि मग तो कोपरा. ऑपरेशनची भीती वाटत होतीच, पण तिच्याहून त्या कोपऱ्याची जास्त वाटत होती. एक सही नाही म्हणून इथलं माझं सगळं जाणार, असं वाटायचं.

घरी करायला एक यंत्र दिलं होतं. प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक गोळी. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर उचलून धरायच्या. माझी एकच उठायची, तीही अर्धीच. दुपारी आमच्या ओळीत कुणी नसतं, सगळे कामावर. मी दाराकडं तोंड करून बसायचे आणि ती एक गोळी टकटक वर-खाली करायचे. दिवसभरात माणसाचा आवाज म्हणून ऐकू यायचा तो टमाटेवाल्याचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई कामावरून आली आणि दारात उभी राहिली. "काय गं, एकटीच कॅरम खेळतेस का? भिंतीतून नुसतं टकटक टकटक."

मग मी सगळं सांगितलं. सांगता सांगता मध्येच धाप लागायची, ती थांबायची. ऐकून तिनं यंत्र हातात घेतलं, पदरानं पुसलं, आणि एका दमात तिन्ही गोळ्या वर नेऊन टेकवल्या. "भट्टीपुढं उभं राहून ही कमाई," म्हणाली. मग विचारलं, कधी आहे. बुधवारी, मी म्हणाले. "बुधवारी मला सुट्टी नसते," एवढं बोलून ती निघून गेली. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी भिंतीवर लाटण्यानं ठकठक झालं आणि पलीकडून आवाज आला: "बदली बाई मिळाली. कागद कुठं आहेत ते काढून ठेव."

इथं मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं अर्धं राहील. ताई बौद्ध आहे. माझ्या माहेरी त्यांच्या घरचं पाणी पीत नव्हते. मला कुणी तसं बसवून सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती. मी बुवापाड्यात राहायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती चहा घेऊन आली. मी म्हणाले, आज उपास आहे. पुढच्या वेळी आणला, पुन्हा उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. उपासाला चहा चालतो, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. दोन वर्षं असं चाललं. मग तिनं आणणं सोडलं. बोलणं मात्र सोडलं नाही. नवरा गेल्यावर तर रोज सकाळी कामाला निघताना लाटण्यानं भिंतीवर दोनदा वाजवायची, मी इकडून दोनदा वाजवायचे. जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ. एकटी आहे, एकटी आहे म्हणून मी जे स्वतःशी रडायचे, त्यातला बराचसा एकटेपणा माझ्याच हातचा होता.

मंगळवारी भरती व्हायला गेलो. खिडकीतल्या बाबूनं कागद पुढं सरकवला. "पेशंटशी नातं?"

"बहीण," ताई म्हणाली.

त्यानं दोन्ही आधार कार्डं पाहिली. "आडनाव वेगळं आहे."

"लग्नं झालीत ना आमची."

त्यानं पेन पुढं केलं. ताईनं सही केली. एकेक अक्षर सुटं, जपून. मी तिच्याकडं पाहू शकले नाही, तिच्या हाताकडं पाहिलं. मनगटावर तव्याचे चटके होते, जुने नि नवे.

बुधवारी सकाळी बांगड्या काढायला सांगितल्या. माझी एक काचेची बांगडी निघेना. सिस्टर म्हणाली, फोडून टाका. माझा चेहरा उतरला. बांगडी फोडलेली मी एकदाच पाहिली होती, नवरा गेला त्या दिवशी. ताई साबण घेऊन आली, माझा हात नळाखाली धरला आणि बोटं आवळून आवळून ती बांगडी अख्खी काढली. स्वतःच्या मनगटात घालून टाकली. स्ट्रेचर आतल्या दारापाशी आलं तेव्हा म्हणाली, "मी इथं बाकावर आहे." आत सगळं हिरवं आणि थंड होतं. भूल देणाऱ्या बाईंनी माझ्या बोटाला चिमटा लावला. नखांकडं बघून म्हणाल्या, रंग बराच निघालाय की. ते शेवटचं ऐकलं.

जागी झाले तेव्हा उजव्या बाजूला कुणीतरी पाटा ठेवलाय असं वाटत होतं. कुशीतून एक जाड नळी निघून पलंगाखालच्या बाटलीत गेली होती आणि खोकलं की बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे यायचे. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, असं शिकवलं. खोकलं नाही तर फुप्फुस उघडणार नाही, आणि खोकलं की डोळ्यांपुढं चांदण्या. साल सगळी निघाली होती. मोठे डॉक्टर येऊन सांगून गेले. सिस्टरनं मागून सांगितलं की तुमची बहीण साडेचार तास बाकावरनं उठली नाही. मधेच नाव पुकारतील म्हणून चहालासुद्धा गेली नाही.

तोंडानं प्यायला परवानगी मिळाली त्या दुपारी ती थर्मास घेऊन आली. कपात ओतला, फुंकर घातली, आणि कप माझ्या तोंडापाशी आणून थांबली.

"आज उपास तर नाही ना?"

मी मान हलवली. नाही. "हसू नको," ती म्हणाली, "टाके आहेत." मी हसत नव्हते. तिलाही ते दिसत होतं. चहा आल्याचा होता, गोड जास्त. मी सगळा प्यायले.

त्या दिवसांपुरती तिनं पहाटे पाचची पाळी मागून घेतली होती. अकराला सुटून ती शेअर रिक्षानं बदलापूरला यायची. म्हणजे सकाळचा सगळा वेळ मी एकटी. बाकीच्या पलंगांभोवती माणसंच माणसं. शेजारी बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक म्हातारी होती, तिचा अर्धा पाडा पलंगाखाली बसून तांदळाची भाकरी खायचा. तिनं एकदा मला विचारलं, "एकलीच हाय्येस का गो? कोन नाय का तुझा?"

"बहीण येते," मी म्हणाले, "अकराच्या पुढं."

या वेळी ना खिडकी होती, ना बाबू, ना कागद. तरी तेच तोंडातून आलं.

आता माझी चूक सांगते. पाचव्या दिवशी सकाळी ड्रेसिंग बदललं. पट्टी जरा वर सरकली होती आणि नळीच्या मुळाशी काळ्या धाग्याची दोन लांब टोकं बाहेर लोंबत होती. चांगली बोट-बोटभर. मी पाहिलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं. ताईनं माझी कापडी पर्स आणून ठेवली होती, तिच्यात कटर होतं. कधी काढलं, कधी कापलं, मला खरंच आठवत नाही. दोन वेळा कच् कच् झालं आणि टोकं हातात आली. अगदी मुळापासून कापली होती, चेकिंगला पास होतील अशी. खरं सांगायचं तर ऑपरेशननंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं. वाटलं, हात विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नळी काढायला तरुण डॉक्टर आला. ताई नुकतीच येऊन स्टुलावर बसली होती. त्यानं पट्टी उघडली आणि थांबला. नळी काढल्याबरोबर ते भोक बांधून टाकायला म्हणून तो धागा सोडलेला असतो, हे मला तेव्हा कळलं. न बांधता नळी काढली तर भोकातून हवा आत जाणार आणि मोठ्या कष्टानं फुगलेलं फुप्फुस पुन्हा बसणार. त्यानं विचारलं, टाका कुणी कापला? त्याचं लक्ष पलंगाशेजारच्या टेबलावर गेलं. तिथं थर्मासजवळ कटर होतं.

"हे तुमचं आहे?" त्यानं ताईला विचारलं.

ताईनं कटरकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी डोळे मिटून घेतले.

"हो," ती म्हणाली.

मग तो तिला बोलला. पेशंटच्या जिवाशी खेळता का, कळत नसेल तर हात कशाला लावता, पुन्हा असं दिसलं तर वॉर्डात येऊ देणार नाही. सगळा वॉर्ड ऐकत होता. म्हातारीचा पाडासुद्धा भाकरी खायचा थांबला. ताई हात जोडून उभी होती. मी डोळे उघडले नाहीत. मला वाटत होतं, खरं बोलले तर मला घरी पाठवतील, योजनेतून काढतील, काहीही करतील. घाबरट माणसाला काय काय सुचतं. इंजेक्शन देऊन नवा टाका घातला, मग नळी काढली. तरी थोडी हवा गेलीच. एक्स-रे, पुन्हा एक्स-रे, दोन दिवस जास्त मुक्काम. ते दोन दिवस मी प्रत्येक श्वास मोजून घेतला.

डॉक्टर गेल्यावर मी तिला म्हणाले, मी बोलायला पाहिजे होतं.

"बोलायला श्वास होता का तुझ्याकडं?" तिनं कटर उचलून स्वतःच्या पिशवीत टाकलं. "हे माझ्याकडं राहू दे. नाहीतर उद्या ऑपरेशनच उसवून ठेवशील."

श्वास होता. तेवढं बोलण्यापुरता होता. हे तिलाही माहीत होतं, उपासाच्या चहासारखंच.

घरी आल्यावर दीड महिना मला बादली उचलायची मनाई होती. पाणी ती भरायची. सकाळी भिंतीवर दोनदा, दुपारी डबा. उरलेला दिवस मी आणि त्या तीन गोळ्या. दुसरी गोळी उठली त्या दुपारी सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी ती ताई येईपर्यंत पुन्हा पुन्हा उचलत बसले आणि ती आली तेव्हा थकून एकही उठेना.

आईचा फोन रविवारी येतो. एकदा बोलताना तिनं मध्येच विचारलं, "धाप का लागतीय गं तुला?"

"जिना चढून आले."

"तुझ्या खोलीला जिना कुठंय?"

मी सांगून टाकलं. सगळं. आई रडली, भावाला हाक मारली, मग पुन्हा फोनवर आली. सोबत कोण होतं म्हणून विचारलं. मी ताईचं सांगितलं, ती कोण हेही सांगितलं, तिच्याच घरचं खाऊन उभी राहिले हेही. मग आई म्हणाली, "पोटभर घालती का?"

"हो."

"मग ऱ्हा तिथंच. बरी व्हय."

भाऊ येऊन भेटून गेला. न्यायचं काढलं नाही. ताईच्या घरी चहा प्यायला मात्र तो गेला नाही, रिक्षा थांबलीय म्हणाला. ताई मला म्हणाली, "उपास असेल त्याचा." मी मान खाली घातली.

महिन्यानं तपासणीला गेले तेव्हा मी त्या तरुण डॉक्टरला सांगितलं की धागा मी कापला होता, बहिणीनं नव्हे. त्यानं विचारलं, तुम्ही काम काय करता? सांगितलं. तो माझ्या नखांकडं बघत राहिला. म्हणाला, "मग त्या बाई काहीच का बोलल्या नाहीत?" त्याच संध्याकाळी ताईला सांगितलं की मी डॉक्टरला खरं काय ते बोलले. ती कणीक मळत होती. "बरं केलंस," म्हणाली, आणि फळीवरचं कटर काढून माझ्यापुढं ठेवलं.

साईंनी स्टूल ठेवलं होतं. आता अर्धा दिवस बसते, तोंडाला फडकं बांधून. नखं पुन्हा निळी व्हायला लागलीत.

ताईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय. चपातीची कड कच्ची राहते म्हणून कॅन्टीनमध्ये दोनदा ऐकून घेतलं तिनं. मुलगी लांब सासरी, तिला सांगायचं नाही म्हणते. ऑपरेशनचं काढलं की "बघू." सोबत कोण येणार, हे काही ती बोलत नाही, पण तो प्रश्न मला तिच्या तोंडावर वाचता येतो. बारा वर्षं एकाच भिंतीला राहतोय.

तर ताई, हे तू कॅन्टीनमध्ये वाचणार नाहीस म्हणून इथं लिहून ठेवते. तू ज्या दिवशी हो म्हणशील, त्या दिवशी कागदावर नात्याच्या रकान्यात मी लिहीन, सहावीतल्या अक्षरात. तुझी बांगडी मी माझ्या हातात घालीन. आणि दार उघडेपर्यंत बाकावरून उठणार नाही. चहा माझ्या घरचा असेल.